तीळ कापण्यापूर्वी प्रकाशाने पाहणे : त्वचेच्या कर्करोगाचे लवकर निदान

धागाकर्ता : क्षितिजरेषा

मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात रुग्णाचे भवितव्य बव्हंशी एका मोजमापावर ठरते, ते म्हणजे कर्कपेशी त्वचेत किती खोल उतरल्या आहेत. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये ही जाडी मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत मांडली आणि ती आजही वापरात आहे. जाडी १ मिलिमीटरच्या आत असताना डाग काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. तोच रोग यकृतात किंवा मेंदूत पोहोचल्यावर सापडला तर आजच्या नव्या औषधांनंतरही परिस्थिती बिकट असते. अडचण अशी, की निदान पक्के करण्यासाठी डाग कापून, त्याचे पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि संशयावरून कापलेल्या डागांपैकी बरेचसे निरुपद्रवी तीळ निघतात. हा कापण्याचा खटाटोप टाळून, केवळ प्रकाशाच्या साह्याने त्वचेच्या आत डोकावण्याची जी साधने गेल्या काही दशकांत तयार झाली, त्यांच्याविषयी हा धागा आहे. माझे क्षेत्र प्रकाशशास्त्राचे आहे, वैद्यकाचे नाही. त्यामुळे डॉक्टर मंडळींनी भर घालावी ही विनंती.

सर्वांत साधे साधन म्हणजे डर्मोस्कोप. हातात मावणारे, सुमारे दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि त्याला जोडलेला दिवा, एवढाच त्याचा पसारा असतो. खरी किमया भिंगाची नसून चकाकी घालवण्याची आहे. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत बराच फरक असल्याने पुष्कळसा प्रकाश पृष्ठभागावरूनच परत फिरतो आणि खालचे काही दिसू देत नाही. दुधी काचेवर पाणी पडले की पलीकडचे दिसू लागते, त्याप्रमाणे त्वचेवर तेल किंवा जेल लावून काच टेकवली की ही चकाकी मावळते. ध्रुवीकृत प्रकाश वापरला तर तेलाचीही गरज उरत नाही. मग बाह्यत्वचेतील रंगद्रव्याची जाळी, ठिपके, निळसर पडदा आणि बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. व्हिएन्नातील पेहाम्बर्गर, स्टाइनर आणि वोल्फ यांनी १९८७ मध्ये या आकृतिबंधांची पद्धतशीर मांडणी केली, आणि तेथून पुढे हे साधन त्वचारोगतज्ज्ञांच्या खिशात आले. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यातील एक आकडा बोलका आहे : निरोगी डागांना निरोगी म्हणण्याचे प्रमाण ८० टक्के धरले, तर नुसत्या डोळ्यांनी ७६ टक्के मेलॅनोमा ओळखले जातात आणि डर्मोस्कोपने ९२ टक्के.

दुसरे साधन मला स्वतःला अधिक मोहवते. रिफ्लेक्टन्स कॉन्फोकल मायक्रोस्कोपीमध्ये ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर त्वचेतील एका बिंदूवर केंद्रित करतात आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत सुईच्या टोकाएवढे छिद्र ठेवतात. नेमक्या त्या बिंदूवरून आलेला प्रकाशच छिद्रातून पार होतो; वरच्या-खालच्या थरांतून आलेला अडतो. बिंदू सरकवत नेला की त्वचेच्या एका आडव्या पातळीचे, पेशी वेगवेगळ्या दिसतील इतके स्पष्ट चित्र तयार होते, तेही जिवंत त्वचेचे, रंग न लावता. मार्विन मिन्स्की यांनी छिद्राची ही कल्पना १९५७ मध्ये पेटंटसाठी मांडली होती. मानवी त्वचेवर ती यशस्वी करून दाखवणारा निबंध १९९५ चा, बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या वेलमन प्रयोगशाळेतला, आणि त्याचे पहिले लेखक मिलिंद राजाध्यक्ष. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनचा अपवर्तनांक सुमारे १.७, म्हणजे भोवतालच्या पेशीद्रवापेक्षा खूपच जास्त असल्याने मेलॅनिनयुक्त पेशी चित्रात आपोआप उजळ दिसतात, हे या निबंधाने दाखवले. जो रंग कर्करोगाचा संशय निर्माण करतो, तोच येथे उजेड पुरवतो.

इटलीत जिओव्हानी पेलाकानी आणि सहकाऱ्यांनी तीन हजारांहून अधिक रुग्णांवर केलेली यादृच्छिक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कॉन्फोकल तपासणीची जोड दिल्यावर एका मेलॅनोमामागे कापाव्या लागणाऱ्या डागांचे प्रमाण ५.३ वरून ३.० वर आले. माझे मत असे, की या सर्व साधनांची परीक्षा याच मोजपट्टीवर व्हायला हवी. जास्त कर्करोग पकडल्याची जाहिरात करणे सोपे असते. किती माणसे सुरीपासून वाचली हे सांगणे अवघड असते.

---

गोदाकाठ

उत्तम लेख. एक बाळबोध शंका आहे. पोटातील आणि स्तनातील गाठींसाठी सोनोग्राफी इतकी रुळलेली असताना त्वचेसाठी प्रकाशच का? तसेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडद्याची जी ओ.सी.टी. तपासणी करतात, ती त्वचेवर चालत नाही का?

---

क्षितिजरेषा

गोदाकाठ, शंका बाळबोध मुळीच नाही. सोनोग्राफी त्वचेसाठीही वापरतात आणि उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरी वापरून गाठीची खोली बरीच चांगली मोजता येते. परंतु त्यात पेशी दिसत नाहीत आणि गाठ चांगली की वाईट हे त्यावरून सहसा ठरत नाही.

ओ.सी.टी., म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, ही एम.आय.टी.मधील हुआंग, फुजिमोतो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणली. डोळ्याची भिंगे पारदर्शक असल्याने तेथे ती लवकर रुजली. त्वचा प्रकाश चौफेर विखुरते, म्हणून त्वचेसाठी सुमारे १३०० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, जो कमी विखुरतो. त्यातून १ ते २ मिलिमीटर खोलीपर्यंतचा उभा छेद दिसतो, पण बारकावा साधारणतः ५ ते १५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्याने एकेक पेशी ओळखता येत नाही. कॉन्फोकलचे नेमके उलट आहे : पेशी स्पष्ट दिसतात, मात्र ०.२ ते ०.२५ मिलिमीटरच्या खाली काही दिसत नाही. याचा अर्थ, ज्या ब्रेस्लो जाडीपासून मी लेखाची सुरुवात केली, ती कॉन्फोकलने मोजता येत नाही. जाडीचे एक टोक तिच्या नजरेच्या पलीकडेच राहते.

म्हणून बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दुसऱ्या एका कर्करोगासाठी ओ.सी.टी. उपयोगी पडते, कारण त्या गाठीची बेटे त्वचेच्या मधल्या थरात असतात आणि त्यांची ठेवण पेशी न दिसताही ओळखू येते; मेलॅनोमाच्या शंकेसाठी मात्र कॉन्फोकलकडे वळावे लागते. फ्रान्समध्ये आर्नो ड्युब्वा यांच्या गटाने दोहोंचा मेळ घालून रेषीय प्रकाशावर चालणारे उपकरण तयार केले आहे. त्यात बारकावा सुमारे १ मायक्रॉन आणि खोली सुमारे अर्धा मिलिमीटर मिळते, शिवाय चित्र उभ्या छेदाचे असते. विकृतिशास्त्रज्ञांना आयुष्यभर उभेच छेद पाहायची सवय असल्याने ही गोष्ट वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. कॉन्फोकलची आडवी, करडी चित्रे वाचायला त्यांना नव्याने शिकावे लागते.

---

अर्धविराम

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु थोडा उत्साहाच्या बाजूला झुकलेला वाटला. या क्षेत्रातील अपयशाचा इतिहासही मांडला पाहिजे. अमेरिकेत नोव्हेंबर २०११ मध्ये मेलाफाइंड या उपकरणाला औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. निळ्यापासून अवरक्तापर्यंतच्या १० तरंगलांबींत डागाची छायाचित्रे घेऊन संगणक निर्णय देत असे. चाचणीत त्याने सुमारे ९८ टक्के मेलॅनोमा पकडले, हे खरे. पण निरोगी डागांपैकी जेमतेम १० टक्क्यांनाच त्याने निरोगी म्हटले. जवळपास प्रत्येक तिळाला 'संशयास्पद' म्हणणारे यंत्र डॉक्टरला काय मदत करणार? २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली.

जानेवारी २०२४ मध्ये तेथेच डर्मासेन्सर या उपकरणाला परवानगी मिळाली. ते चित्र काढत नाही. त्वचेतून विखुरून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट मोजते आणि ते त्वचारोगतज्ज्ञांसाठी नसून कुटुंबवैद्यांसाठी आहे. त्याची संवेदनशीलता, म्हणजे खरे कर्करोग पकडण्याचे प्रमाण, सुमारे ९६ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे निरोगी डागांना निरोगी म्हणण्याचे प्रमाण, सुमारे २१ टक्के. समजा एखाद्या दवाखान्यात १००० डाग तपासले आणि त्यांतील १० खरोखर कर्करोगाचे असले, तर यंत्र त्यांतील नऊ-दहा पकडील, आणि त्यासोबत ९९० निरोगी डागांपैकी सुमारे ७८० जणांनाही घाबरवून पुढे पाठवील. याला लवकर निदान म्हणावे की रांगा वाढवणे?

---

क्षितिजरेषा

अर्धविराम, आपला हिशेब बरोबर आहे आणि शेवटचा प्रश्न रास्त आहे. फक्त मेलाफाइंडच्या बाबतीत एक बाजू सुटली आहे. त्या चाचणीत घेतलेले डाग आधीच डॉक्टरांना बायॉप्सीयोग्य वाटलेले होते, म्हणजे सहज निरोगी ओळखता येणारे तीळ मुळातच वगळलेले होते. त्याच डागांवर डॉक्टरांची स्वतःची विशिष्टता ४ टक्क्यांच्या आसपास भरली. विशिष्टतेचा आकडा कोणत्या गर्दीतून काढला आहे, हे पाहिल्याविना दोन उपकरणांची तुलना करता येत नाही. आपल्या १००० डागांच्या उदाहरणालाही हे लागू होते, कारण डर्मासेन्सरही डॉक्टरला आधीच शंका आलेल्या डागांसाठीच आहे. तथापि उपकरण फसले ते योग्यच फसले असे मलाही वाटते. त्याने डॉक्टरला चित्र वाचायला मदत केली नाही. निकाल तेवढा हाती ठेवला.

---

मनस्विनी_ब्रिस्बेन

मी गेली काही वर्षे क्वीन्सलँडमध्ये राहते. येथे त्वचेचा कर्करोग हा घरोघरी बोलला जाणारा विषय आहे. गोऱ्या कातडीची माणसे, विषुववृत्ताकडचे ऊन आणि समुद्रकिनाऱ्याचे वेड यांमुळे ऑस्ट्रेलियात या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला असे सांगणारी 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम १९८१ पासून मुलांच्या तोंडी आहे.

प्रतिमातंत्राच्या बाबतीत येथे एक वेगळाच मार्ग धरला आहे. क्वीन्सलँड विद्यापीठातील पीटर सॉयर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या केंद्रांत संपूर्ण शरीराचे त्रिमितीय छायाचित्रण करतात. माणूस एका चौकटीत उभा राहतो, भोवतालचे ९२ कॅमेरे एकाच क्षणी टिपतात आणि संगणकावर त्या व्यक्तीची आभासी प्रतिकृती तयार होते. काही महिन्यांनी पुन्हा तसेच केले की कोणता तीळ नवा आला आणि कोणता बदलला हे शोधता येते. अंगावर शेकडो तीळ असलेल्या माणसाच्या बाबतीत एका तिळाकडे कितीही बारकाईने पाहण्यापेक्षा 'कालच्यापेक्षा आज काय वेगळे' हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

परंतु अर्धविराम यांच्या शंकेला माझ्याकडून दुजोरा. अमेरिकेतील आकडे पाहून वेल्च, मेझर आणि अ‍ॅडमसन यांनी २०२१ मध्ये दाखवले, की मेलॅनोमाचे निदान चाळीस वर्षांपूर्वीच्या सहापट झाले, तरी त्याने होणारे मृत्यू साधारण तेवढेच राहिले. वाढलेल्या निदानांपैकी मोठा हिस्सा कधीच जिवावर न उठणाऱ्या डागांचा असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात २००३-०४ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक लोकांची तपासणी झाली, काही वर्षे मृत्युदर जवळजवळ निम्म्यावर आला, त्यावरून २००८ मध्ये देशभर तपासणी सुरू झाली, आणि नंतर त्या प्रांतातील दर पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेला. चांगला कॅमेरा हाती आला म्हणून सरसकट सर्वांची तपासणी करावी, असे त्यातून निघत नाही.

---

डॉ. चाफेकळी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. चर्चा उत्तम चालली आहे, परंतु ती गोऱ्या कातडीभोवती फिरते आहे, म्हणून थोडे आपल्याकडचे सांगते.

आपल्या लोकांत मेलॅनोमा विरळा आहे, आणि जो होतो तो बहुधा पाठीवर किंवा पायांच्या नडग्यांवर न होता तळपायावर, तळहातावर अथवा नखाखाली होतो. या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही. तळपायाकडे कोणी पाहत नाही. काळा डाग काटा मोडल्याचा किंवा चपलेचा समजला जातो, नखातील काळी रेघ मार लागल्याची समजली जाते, आणि रुग्ण येतो तेव्हा जखम चिघळलेली असते. आपल्याकडील बेसल सेल कार्सिनोमाही बऱ्याचदा काळपट असतो, त्यामुळे तो तीळ समजून सोडून दिला जातो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा तिसरा कर्करोग तर जुन्या भाजल्याच्या व्रणांवर आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमांवर उद्भवतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. साडीच्या परकराच्या नाडीखालीही तो होतो. या रोगासाठी लेसरची गरज नाही, कमरेवरची सतत सोलवटणारी, रंग बदललेली कातडी कोणीतरी वेळेवर दाखवली पाहिजे.

असे असले तरी डर्मोस्कोपचा तळपायावर जो उपयोग होतो तो मी रोज अनुभवते. तळव्याच्या कातडीवर उंच रेषा आणि त्यांच्यामधले चर असतात. निरुपद्रवी तिळात रंग प्रामुख्याने चरांत भरलेला दिसतो, मेलॅनोमात तो उंच रेषांवर असतो. घर्मग्रंथींची तोंडे उंच रेषांवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात, त्यावरून रेषा कोणती आणि चर कोणता हे कळते. जपानमधील तोशिआकी सायदा यांच्या २००४ च्या अभ्यासात उंच रेषांवरील रंगाच्या या खुणेची संवेदनशीलता ८६ टक्के आणि विशिष्टता ९९ टक्के निघाली. अर्धविराम यांनी दिलेल्या यंत्रांच्या आकड्यांशी ही विशिष्टता ताडून पाहावी. एक भिंग आणि ते कसे पाहावे याचे ज्ञान, एवढीच सामग्री यामागे आहे. कॉन्फोकल मात्र तळव्यावर लंगडी पडते, कारण तेथील मृत थरच इतका जाड असतो की तिची सारी खोली त्यातच खर्च होते.

---

शून्यप्रहर

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी लिहावेसे वाटले. स्टॅनफर्डच्या गटाने २०१७ मध्ये १,२९,४५० चित्रांवर संगणकाला शिकवले आणि त्याने २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीचे निदान केले, ही बातमी पुष्कळ गाजली. त्यानंतर त्याच संस्थेतील संशोधकांनी लक्षात आणून दिलेली गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे : डॉक्टर संशयास्पद डागाशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढतात, त्यामुळे चित्रात पट्टी दिसली की संगणकाचा कल कर्करोगाकडे झुकत असे. हायडेलबर्गच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले, की डागाभोवती जांभळ्या शाईची खूण असली तरी तोच गोंधळ होतो.

शिकवण्यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संचांपैकी एकात १०,०१५ चित्रे आहेत आणि ती व्हिएन्ना व क्वीन्सलँड येथील रुग्णांची आहेत. पुन्हा स्टॅनफर्डनेच २०२२ मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या त्वचेची, बायॉप्सीने निदान पक्के झालेली ६५६ चित्रे प्रसिद्ध केली, आणि नावाजलेल्या प्रणाली सावळ्या त्वचेवर स्पष्टपणे कमी पडल्या. डॉक्टरांनी सांगितलेला चिघळलेला तळपाय या यंत्रांना फारसा दाखवलेलाच नाही. मोबाइलवर फोटो काढून निदान देणारी ॲप्स आपल्याकडे वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

---

क्षितिजरेषा

शून्यप्रहर यांनी विदेची (डेटाची) बाजू मांडली. तिच्या खाली भौतिकशास्त्राचीही एक अडचण आहे. मेलॅनिन प्रकाश शोषतो, आणि तरंगलांबी जितकी कमी तितका जास्त शोषतो. त्यामुळे निळ्या-हिरव्या प्रकाशावर अवलंबून असलेल्या कोणत्याही पद्धतीला सावळ्या त्वचेतून परत येणारा संकेत क्षीण मिळतो, आणि गोऱ्या त्वचेवर बसवलेली मोजमापे तेथे सरळ लागू करता येत नाहीत. अवरक्त प्रकाशात हा फरक बराच कमी होतो. कॉन्फोकलमध्ये तर गंमत अशी, की सावळ्या माणसाच्या बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिनयुक्त पेशींची जी उजळ कडी दिसतात, ती गोऱ्या माणसात अस्पष्ट असतात. म्हणजे चित्र आपल्याकडे अधिक रेखीव येते, मात्र त्याच उजेडामुळे खालच्या भागाची स्पष्टता घटते. डर्मासेन्सरला परवानगी देताना अमेरिकी प्रशासनाने ज्या लोकसमूहांत मेलॅनोमा कमी आढळतो त्यांच्यावर पुढील चाचण्या करण्याची अट घातली, ती म्हणूनच योग्य वाटते.

खर्चाचे विचाराल, तर अमेरिकेत कॉन्फोकल तपासणीसाठी २०१६ पासून विम्याचे स्वतंत्र संकेतांक आहेत आणि तरीही ती मोठ्या केंद्रांपुरतीच राहिली आहे. जिल्ह्याच्या गावात ती येईल अशी आशा मी करणार नाही. डर्मोस्कोप मात्र यायलाच हवा.

---

सागरगोटा

सर्वांचे आभार. माझ्या वडिलांच्या टाचेवर काळा डाग आहे, तो पूर्वी लहान होता आणि अलीकडे पसरल्यासारखा वाटतो. दुखत नाही, खाजत नाही. गावातील एकाने लेसरने जाळून टाकतो असे सांगितले आहे. वडील शेतकरी आहेत, वय ६३. काय करावे?

---

डॉ. चाफेकळी

सागरगोटा, तो डाग कोणालाही जाळू देऊ नका. लेसरने किंवा विद्युत्दाहाने डाग नष्ट केला की तपासायला ऊतीच उरत नाही. वरचा रंग जातो, खाली काही राहिले असल्यास ते वाढत राहते आणि पुढे निदान करणे फार कठीण होते. टाचेवरचा पसरणारा डाग दुखत नाही, हे समाधानाचे कारण मानू नये.

शेजारी पट्टी ठेवून, उजेडात एक स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे (संगणकासाठी नव्हे, डॉक्टरांसाठी), आणि वडिलांना याच आठवड्यात जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात न्यावे. तेथे डर्मोस्कोपने तळवा पाहण्याचा आग्रह धरावा. सोबत जांघेतील गाठी हाताने तपासतील, तेही आवश्यक आहे. तळव्याच्या रेषांवर रंग दिसला किंवा डाग बराच मोठा असला तर ते बायॉप्सी सुचवतील. बायॉप्सीने कर्करोग पसरतो ही समजूत निराधार आहे, तिला घाबरून मागे फिरू नका. चरांतच रंग असेल आणि डाग लहान असेल तर कदाचित तीन-चार महिन्यांनी पुन्हा बोलावतील. तसे झाल्यास त्या तारखेला नक्की जा, आणि वडिलांचा दुसरा तळपाय व सर्व नखेही त्याच वेळी दाखवा.